पंधरा युनिटांचं घर

जर्मनीत विकाऊ घराची जाहिरात वाचायची तर आधी थोडं अंकगणित शिकावं लागतं. 'तीन खोल्यांचं घर' म्हणजे आपला टू बीएचके, कारण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हे लोक खोल्यांत मोजतच नाहीत. क्षेत्रफळ आतलं, वापरायचं. बाल्कनी त्यात सहसा पावपटच धरतात. 'सुपर बिल्टअप' हा आपल्याकडचा चमत्कार तिथे कुणाला समजावून सांगता येत नाही. आणि किमतीच्या आसपास आणखी एक आकडा असतो: हे घर दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती ऊर्जा खातं. ऊर्जेचा दाखला असेल तर हा आकडा जाहिरातीत छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. त्यावरून घराची इयत्ता ठरते, ए-प्लसपासून एचपर्यंत. 30 किलोवॉट-तासांच्या आत असेल तर ए-प्लस, 250च्या वर गेलं की एच. किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट, त्यामुळे मी सरळ युनिटच म्हणते.

माझी भाची आणि तिचा नवरा हायडेलबर्गला भाड्याच्या घरात राहतात आणि आता नवं घर विकत घ्यायच्या विचारात आहेत. घरं बघत हिंडायची मला जुनी आवड आहे, विशेषतः पैसे दुसऱ्याचे असतील तेव्हा. मी तिला म्हटलं, तुझ्या यादीतली घरं बघूच, पण आधी डार्मश्टाटला जाऊ. तिथे विकाऊ काही नाही, पण आज युरोपभर 'पर्यावरणस्नेही' म्हणून जी घरं विकली जातात, त्यांतल्या बऱ्याच घरांचं मूळ तिथे आहे.

डार्मश्टाटच्या क्रानिखश्टाइन या उपनगरात ट्राम जाते. उतरून थोडं चाललं की एकमेकांना चिकटलेल्या चार घरांची एक ओळ दिसते. दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या, उत्तरेकडे लहान. फोटो काढावा असं काही नाही. भाची म्हणाली, "मावशी, हेच का ते?" हेच. 1991 साली इथे चार कुटुंबं राहायला आली, त्यांतलं एक वोल्फगांग फाइस्ट या भौतिकशास्त्रज्ञाचं. 1988मध्ये त्यांची स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले प्राध्यापक बो आडामसन यांच्याशी चर्चा झाली आणि तीतून प्रश्न निघाला तो असा: थंडीच्या देशात, वेगळी हीटिंगची यंत्रणा जवळजवळ लागणारच नाही असं घर बांधता येईल का? उत्तर कागदावर मांडून फाइस्ट थांबले नाहीत, बायकामुलांसह त्या उत्तरात राहायला गेले. ही घरं आजही खासगी आहेत, तेव्हा ती रस्त्यावरूनच पाहायची.

युक्ती म्हणावी तर साधी आहे. भिंतीला बाहेरून 27.5 सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोलच्या जातीचा थर. छतात 45 सेंटिमीटर खनिज लोकर. खिडक्यांना तीन काचा आणि त्यांच्यामध्ये क्रिप्टॉन वायू. सांधे असे बंद केलेले की वारा आत शिरणार नाही. आणि मग आत माणसं गुदमरू नयेत म्हणून हवा खेळवणारं एक यंत्र: बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेची उष्णता ते आत येणाऱ्या ताज्या हवेला देतं. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत, पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी जातात. उरलेलं काम सूर्य करतो, दिवे करतात, स्वयंपाक करतो आणि घरातली माणसं करतात. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा शंभर वॉटच्या आसपास उष्णता देतच असतो.

यालाच पुढे 'पॅसिव्ह हाउस' हे नाव रूढ झालं आणि 1996मध्ये डार्मश्टाटलाच त्याची संस्था उभी राहिली. तिचे निकष आकड्यांत आहेत, हीच मला त्यांची सर्वांत चांगली गोष्ट वाटते. घर उबदार ठेवायला दर चौरस मीटरला वर्षाला 15 युनिटांपेक्षा जास्त लागता कामा नयेत. किंवा कडाक्याच्या थंडीतही दर चौरस मीटरला 10 वॉट पुरले पाहिजेत. म्हणजे 100 चौरस मीटरच्या घराला 1,000 वॉट, जेवढी आपल्या घरातली कपड्यांची इस्त्री ओढते. जर्मनीतली जुनी, दुरुस्त न केलेली घरं याच्या दहापट आणि त्याहूनही जास्त खातात.

तिसरा निकष हवाबंदपणाचा, आणि तो कसा मोजतात ते मला प्रत्यक्ष बघायला मिळालं. भाचीच्या यादीतल्या एका नव्या इमारतीत ग्राहकांना बोलावून चाचणी दाखवणार होते. घराच्या दाराच्या चौकटीत एक कापडी पडदा ताणून बसवला, त्यात पंखा, पंख्याला संगणक. बाकी खिडक्या-दारं बंद. पंख्यानं आतली हवा बाहेर ओढून आत-बाहेर 50 पास्कलचा फरक केला. एवढ्या दाबाखाली तासाभरात घरातली किती हवा फटींतून बदलते ते बघायचं. पॅसिव्ह हाउसला 0.6पटीपर्यंतच मुभा, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. तंत्रज्ञ हातात धुराची बारीक नळी घेऊन भिंतीभिंतीनं फिरत होता. खिडक्यांशी धूर सरळ वर गेला. एका प्लगच्या खोक्यापाशी मात्र वाकडा झाला. सगळे ग्राहक त्या प्लगभोवती असे जमले की जणू तिथे काही सापडलंय. सापडलंच होतं: त्या खोक्यामागची वायर ओढताना कुणीतरी आतलं हवाबंद आवरण फाडलं होतं. आपल्याकडे नव्या इमारतीत सँपल फ्लॅट दाखवतात, त्यात सोफ्याचा रंग बघायचा असतो.

हायडेलबर्गचा 'बानश्टाट', म्हणजे रेल्वेनगर, मुख्य स्टेशनाच्या मागेच आहे. पूर्वी इथे मालगाड्यांचं यार्ड होतं. ते बंद पडल्यावर सुमारे 116 हेक्टर जमीन शहराच्या ऐन मध्याजवळ मोकळी झाली. नगरपरिषदेनं ठरवलं की इथे जे बांधाल ते पॅसिव्ह हाउसच्याच मापाचं. 2012मध्ये पहिले रहिवासी आले आणि आज जगातल्या सर्वांत मोठ्या पॅसिव्ह वसाहतींत तिची गणना होते. घरं, शाळा, बालवाड्या, दुकानं, एक सिनेमागृहसुद्धा या मापाचं. गरम पाणी आणि लागेल तेवढी ऊब शहराच्या नळांतून येते, लाकडाचा भुसा-ढलप्या जाळून वीज आणि उष्णता दोन्ही काढणाऱ्या केंद्रातून. बांधकामाआधी रुळांच्या खडीत राहणाऱ्या संरक्षित जातीच्या सरड्यांना पकडून त्यांच्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या जागी हलवलं गेलं. सरड्यांचं पुनर्वसन माणसांच्या आधी झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आपल्याकडच्या एखाद्या धरणग्रस्ताला हे सांगायची माझी छाती नाही.

दिसायला बानश्टाट थोडं कंटाळवाणं आहे. पाच-सहा मजली चौकोनी इमारती, पांढरा-करडा रंग, सरळ रस्ते. पावसाचं पाणी धरणारे लांबट हौद रस्त्याच्या कडेनं केलेत, त्यांनी जरा जीव येतो. छपरांवर माती आणि झुडपं. दक्षिणेच्या कडेला शेतांकडे तोंड करून एक फिरायचा रस्ता आहे. संध्याकाळी सगळं गाव तिथे. हान्स-गेओर्ग गाडामर या तत्त्वज्ञाच्या नावाचा चौक आहे, तिथे शाळा आणि नागरिकांचं केंद्र एकाच छताखाली.

भाचीचं भाड्याचं घर इथलंच. मी गेले तेव्हा बाहेर चार अंश होते आणि ती आत सुती कुडत्यात वावरत होती. रेडिएटर एकच, न्हाणीघरात, टॉवेल टाकायला. चुकीची समजूत अशी की या घरांत खिडक्या उघडता येत नाहीत. उघडतात की. थंडीत उघडाव्या लागत नाहीत, एवढंच. धुतलेले कपडे घरातच वाळतात आणि ओल धरत नाही. रस्त्यावरचा आवाज आत येत नाही. पहिल्या रात्री मला त्या शांततेनंच झोप लागली नाही. जानेवारीत हवा फार कोरडी होते, ओठ फुटतात, ही भाचीची तक्रार. यंत्राचे फिल्टर वेळेवर बदलावे लागतात, ही जावयाची. कारण ते काम त्याच्याकडे.

खरी अडचण स्वयंपाकघरात. ताजी हवा झोपायच्या आणि बसायच्या खोल्यांत सोडायची आणि स्वयंपाकघर-न्हाणीघरातून शिळी ओढून घ्यायची, अशी या घरांतल्या हवेची दिशा असते. पण चुलीवरच्या चिमणीचं तोंड भिंतीतून बाहेर काढता येत नाही, कारण मग एवढ्या कष्टानं बंद केलेल्या भिंतीला मोठं भोक पडलं. म्हणून चिमणी हवा आतल्या आतच फिरवते, तेल जाळीत आणि वास कोळशाच्या फिल्टरमध्ये अडवते. उकडलेल्या बटाट्यांच्या देशाला हे पुरत असेल. "फोडणी दे बिनधास्त," भाची म्हणाली, "पण बांगडे नको, मावशी. शेजाऱ्यांना काही कळत नाही, पण आपलं घर दोन दिवस विसरत नाही." घर बघायला जाणाऱ्या मराठी माणसानं चिमणीची चौकशी करावी, एवढा व्यावहारिक सल्ला मी देऊन ठेवते.

आणि उन्हाळा. ऊब धरून ठेवणारं घर ती उन्हाळ्यातही धरतं. म्हणून खिडक्यांना बाहेरून झडपा किंवा सरकते पडदे हवेतच; आतले पडदे कामाचे नाहीत, ऊन काचेतून आत आलं की आलं. जाहिरातीतल्या चित्रात मोठमोठ्या काचा असतील आणि बाहेरचं सावलीचं साधन दिसत नसेल, तर त्या घराची ए-प्लस इयत्ता जुलैत कामाला येणार नाही.

हायडेलबर्गहून दक्षिणेला, काळ्या अरण्याच्या पायथ्याशी फ्रायबुर्ग. तिथल्या फोबाँ वस्तीला जायचं तर तीन नंबरची ट्राम. शेवटचा टप्पा रूळ गवतातून जातात, त्यामुळे ट्राम आली तरी आवाज फारसा नाही. एके काळी इथे लष्करी बराकी होत्या: 1930च्या दशकात जर्मन सैन्यानं बांधलेल्या, 1945नंतर फ्रेंच सैन्याच्या ताब्यात. चौदाव्या लुईचा किल्लेबांधणी करणारा इंजिनीयर फोबाँ यानं सतराव्या शतकात फ्रायबुर्गची तटबंदी केली होती. फ्रेंचांनी छावणीला त्याचं नाव दिलं. 1992मध्ये ते निघून गेले आणि जमीन शहराच्या हाती आली. आज तिथे साडेपाच हजारांच्या आसपास लोक राहतात.

बानश्टाट बघून फोबाँला आलं की फरक डोळ्यांत भरतो. चार मजल्यांच्या आतलीच घरं, पण एकासारखं दुसरं नाही. निळं, विटकरी, लाकडी फळ्यांचं, वेलींनी झाकलेलं. कारण इथे बऱ्याचशा जमिनीचे लहान तुकडे करून शहरानं ते घर बांधणाऱ्या माणसांच्या गटांना विकले. आठ-दहा किंवा पंधरा-वीस कुटुंबं एकत्र येतात, आर्किटेक्ट नेमतात, आपापल्या घराचा आराखडा भांडून-तंटून ठरवतात आणि बांधून घेतात. मधला बिल्डर नाही, त्याचा नफा नाही, त्याची चकचकीत पुस्तिकाही नाही. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्था कधीकाळी ज्या हेतूनं निघाल्या त्याची आठवण व्हावी अशी ही पद्धत. वेळ मात्र फार जातो आणि बैठका फार होतात. फोबाँमधलं 'वोनेन उंट आर्बाइटेन' नावाचं घर अशाच गटानं 1999मध्ये बांधलं. जर्मनीतली पहिली बहुमजली पॅसिव्ह इमारत ती.

शहरानं अट एकच मोठी घातली: ऊर्जेची मर्यादा दर चौरस मीटरला 65 युनिटं. त्या काळी ती बरीच कडक होती. स्वतंत्र बंगले बांधायला बंदी. जुनी झाडं तोडायची नाहीत. पावसाचं पाणी गटारात न घालता रस्त्याकडेच्या उथळ चरांत मुरवायचं.

पण फोबाँ ओळखलं जातं ते गाड्यांमुळे. बहुतेक घरांसमोर गाडी उभी करता येत नाही. सामान उतरवायचं, चालण्याच्या वेगानं यायचं, निघून जायचं. गाडी हवीच असेल तर वस्तीच्या कडेच्या बहुमजली गाडीतळात जागा विकत घ्या, घराच्या किमतीखेरीज. आणि गाडी नसेल तर? इथे राज्याचा बांधकाम कायदा आडवा आला: प्रत्येक घरामागे गाडीची एक जागा दाखवलीच पाहिजे. तेव्हा रहिवाशांनी एक संस्था काढली, तिनं वस्तीच्या कडेला जमीन घेतली आणि शहराला सांगितलं, आमच्याकडे गाड्या नाहीत. उद्या आल्याच तर गाडीतळ इथे बांधू. गाडी नसलेली कुटुंबं आपल्याकडे गाडी नाही असं लिहून देतात आणि त्या जमिनीत आपला छोटा वाटा भरतात. गाडीतळ बांधला गेलेलाच नाही. ती जागा मोकळी आहे, तिथे मुलं खेळतात. कायदाही पाळला आणि गाडीही टाळली. अशी पळवाट मला फार आवडते.

मुख्य रस्त्याला समांतर गल्ल्यांमध्ये डांबरावर खडूनं काढलेली चित्रं, मध्येच कुणाची तरी सायकल आडवी. बुधवारी चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. ट्रामच्या थांब्यापासून चांगली बालवाडी किती पावलांवर, दवाखाना कुठे, हे भाची बघत होती. मी घरांच्या भिंतींची जाडी बघत होते. तिचंच बरोबर होतं. भिंत कितीही जाड असो, त्या घरातून रोज दोन गाड्या कामाला निघत असतील तर वाचवलेली ऊर्जा रस्त्यावर सांडते. घराची जाहिरात हा आकडा सांगत नाही, कारण तो एकट्या घराचा नसतो.

फोबाँला लागूनच श्लीरबेर्गच्या पायथ्याशी सौर वसाहत आहे. रोल्फ डिश या आर्किटेक्टची. 59 घरं, 2000 ते 2006च्या दरम्यान झालेली, सगळी दक्षिणेकडे तोंड करून, छपरं म्हणजे सौर पॅनेलच. वर्षाच्या हिशेबात ही घरं वापरतात त्यापेक्षा जास्त वीज तयार करतात. 2000च्या जर्मन कायद्यानं अशा विजेला 20 वर्षं ठरलेला भाव दिला होता, त्यावर अनेकांच्या कर्जाचे हप्ते बसवलेले होते. पहिल्या पॅनेलांची ती मुदत 2020च्या अखेरीस संपली. आता वीज विकण्यापेक्षा घरातच बॅटरीत साठवणं परवडतं. थोड्या वर डिश यांचं स्वतःचं घर आहे, 1994चं 'हेलिओट्रोप', खांबावर उभं, सूर्याच्या मागे फिरणारं गोल घर. लोक ते बघायला येतात. मला वाटतं क्रानिखश्टाइनच्या त्या चार निमूट घरांनी जगाला जास्त शिकवलं.

फोबाँची दुसरी बाजूही आहे. इथल्या घरांच्या किमती आता सामान्य पगारदाराच्या हातात राहिलेल्या नाहीत. शेवटच्या मोकळ्या भूखंडावर गाड्यांत, तंबूंत राहणाऱ्या तरुणांना 2011मध्ये पोलिसांनी हटवलं; त्या जागेवर आज हॉटेल उभं आहे, तेही अर्थात पर्यावरणस्नेही. याच शहरातल्या वाइनगार्टन भागात 1968ची एक 16 मजली भाड्याची इमारत न पाडता पॅसिव्ह हाउसच्या मापाला आणली, 2011मध्ये. नव्या घराच्या काँक्रीटमध्ये आणि पोलादात जो कार्बन आधीच खर्च झालेला असतो तो तिथे वाचला. हा हिशेब युरोपात आता कायद्यात येतो आहे: डेन्मार्कनं 2023पासून मोठ्या नव्या इमारतींच्या संपूर्ण आयुष्यातल्या कार्बनवर मर्यादा घातली, फ्रान्सचा 2022चा घरांचा नियमही बांधकामातला कार्बन मोजतो, आणि 2024च्या युरोपीय निर्देशानुसार 2030पासून प्रत्येक नव्या इमारतीचा तसा हिशेब मांडावा लागेल.

फ्रायबुर्गच्या पश्चिमेला आता डीटनबाख नावाचं नवं उपनगर आकार घेतं आहे. सुमारे 6,900 घरं, 16,000 माणसं. शेतजमिनीवर. शेतकऱ्यांनी आणि झाडं वाचवणाऱ्यांनी विरोध केला, प्रकरण सार्वमतापर्यंत गेलं. 2019च्या फेब्रुवारीत सुमारे 60 टक्के लोकांनी वसाहतीच्या बाजूनं मत दिलं. गंमत बघा, दोन्ही बाजू पर्यावरणाच्याच: एक म्हणते सुपीक जमीन झाकू नका, दुसरी म्हणते शहरात घर नाही म्हणून माणसं 30 किलोमीटरवरून गाडीनं येतात त्याचं काय. घरांना ऊब सांडपाण्यातल्या आणि भूजलातल्या उष्णतेपासून मिळावी अशी योजना आहे, आणि निम्मी घरं परवडणाऱ्या भाड्याची असावीत असं ठरलंय. मी गेले तेव्हा तिथे मातीचे ढिगारे आणि क्रेन, बघण्यासारखं एवढंच.

भाची-जावई शेवटी फ्रायबुर्गच्या भानगडीत पडले नाहीत. नोकऱ्या हायडेलबर्गला, तेव्हा बानश्टाटमधलंच एक तीन खोल्यांचं, अजून पूर्ण व्हायचं असलेलं घर त्यांनी नक्की करत आणलंय. अशा घराचे पैसे कामाच्या टप्प्यांनुसार भरायचे. खोदकाम सुरू झालं की पहिला हप्ता 30 टक्क्यांपर्यंत. वर राज्याचा खरेदी कर, या राज्यात 5 टक्के. शेजारच्या हेसेनमध्ये 6. नोटरी आणि नोंदणी वेगळी. रोख रकमेचा प्रश्नच नाही, एप्रिल 2023पासून जर्मनीत घर रोखीनं विकत घेता येत नाही. हे ऐकून माझ्या पुण्याच्या भावानं फोनवर बराच वेळ काही बोलायचंच टाळलं. नोटरी खरेदीखत पहिल्यापासून शेवटपर्यंत दोघांसमोर मोठ्यानं वाचतो, कायदाच तसा आहे, आणि मसुदा किमान दोन आठवडे आधी हाती पडावा लागतो.

तो मसुदा आता त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पडून आहे. हवाबंदपणाच्या चाचणीचा अहवाल ताबा देताना मिळेल, हे वाक्य जावयानं त्यात घालून घेतलं. वाद राहिलाय तो शेवटच्या पानावर: तळघरातली गाडीची जागा, किंमत वेगळी. त्याला ती हवी आहे, पुढेमागे विकताना बरं म्हणून. भाची म्हणते, ट्राम दाराशी आहे, तेवढ्या पैशांत बाहेरच्या झडपा मोटारीच्या घेऊ.